इंग्रजी बोलताना अडणारे रोजचे शब्द : विचारा आणि सांगा

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

मंडळी, नमस्कार.

गेली चार वर्षं सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी मी बायकांसाठी इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेते. बचत गटाच्या खोलीत, संध्याकाळी सहा ते साडेसात. शिवणकाम करणाऱ्या आहेत, अंगणवाडीच्या ताई आहेत, किराणा दुकान सांभाळणाऱ्या दोघी जावा आहेत आणि मुलीच्या बाळंतपणासाठी इंग्लंडला निघालेल्या एक काकूही आहेत. व्याकरणाचे तक्ते यांतल्या कुणालाच नको असतात. ‘आज अमुक बोलायचं होतं आणि शब्द अडला’ एवढंच घेऊन त्या येतात. ते अडलेले शब्द मी एका दोनशेपानी वहीत लिहून ठेवते. ती वही आता भरत आली आहे, म्हणून हा धागा.

चार वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली. इंग्रजी शिकताना मराठी बाजूला ठेवा असं आपल्याला शाळेत सांगितलं गेलं. मी उलट सांगते. चूक मराठीमुळे होते हे खरं, पण बहुतेक वेळा उत्तरही मराठीतच असतं.

‘लुक’ आणि ‘सी’ यांत फरक काय, हा वर्गातला पहिल्या महिन्यातला ठरलेला प्रश्न. कपाटात सुई शोधणारी बाई म्हणते, ‘बघतेय, पण दिसत नाहीये.’ बघणं म्हणजे ‘लुक’, दिसणं म्हणजे ‘सी’. फोनवर आपण म्हणतो, ‘ऐकतेय, पण ऐकू येत नाहीये.’ ऐकणं म्हणजे ‘लिसन’, ऐकू येणं म्हणजे ‘हिअर’. फरक आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, फक्त त्याच्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. ‘वॉच’ म्हणजे लक्ष ठेवून बघत राहणं. गॅसवरच्या दुधाकडे बघतो तसं.

‘से’, ‘टेल’, ‘स्पीक’ यांचंही तेच. म्हणणं, सांगणं, बोलणं. एकच जागा जपायची. मराठीत ‘त्याने सांगितलं की उद्या सुट्टी आहे’ एवढं पुरतं. इंग्रजीत ‘टोल्ड’च्या पाठोपाठ कुणाला सांगितलं ते यावं लागतं : ‘ही टोल्ड मी’. ते नसेल तर ‘ही सेड’.

तुमचे प्रश्न इथे टाका. उत्तरं ज्यांना येतात त्यांनी द्या.

एसटीचा पास

ताई, धाग्याबद्दल आभार. मी गेल्या वर्षी पदवी घेतली. ऑनलाइन मुलाखतीत ‘आय पास्ड आउट लास्ट इयर’ असं सांगितलं. समोरच्या बाई अमेरिकेतल्या होत्या. त्यांनी काळजीने विचारलं, आता तब्येत बरी आहे ना? मला काही कळेना. नंतर मित्राने सांगितलं, पण नीट समजलेलं नाही. आणि ‘गिव्ह एक्झाम’ चूक का, तेही सांगा.

पाटीपेन्सिल

‘पास आउट’ म्हणजे चक्कर येऊन शुद्ध हरपणं. म्हणून त्यांनी तब्येत विचारली. पण आपण हा शब्द हवेतून आणलेला नाही. ब्रिटिश लष्करी शिक्षणसंस्थांत प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडण्याला ‘पासिंग आउट’ म्हणतात. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत आजही ‘पासिंग आउट परेड’ होते. तिथून तो आपल्या कॉलेजांत आला आणि रुळला. बाहेरच्या माणसाशी बोलताना ‘आय ग्रॅज्युएटेड’ म्हण, की झालं.

परीक्षेचं मात्र समजून घेण्यासारखं आहे, कारण तिथे दोन भाषा बरोब्बर उलट्या उभ्या आहेत. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक परीक्षा घेतात. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो आणि शिक्षक ती ‘गिव्ह’ करतात. शब्दाला शब्द ठेवला की विद्यार्थ्याचा शिक्षक होतो. आपल्या मनात परीक्षा म्हणजे विद्यार्थ्याने द्यायचं काहीतरी आहे, त्यांच्या मनात समोर आलेलं घ्यायचं आहे. ही अदलाबदल एकदा लक्षात आली की पुन्हा चुकत नाही. ब्रिटनमध्ये ‘सिट ॲन एक्झाम’ही म्हणतात. परीक्षेला बसणं! ते तर थेट आपलंच आहे.

सीमोल्लंघन

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. ‘पास आउट’, ‘प्रीपोन’, ‘आउट ऑफ स्टेशन’ यांना चूक म्हणायचं कारण नाही. ‘प्रीपोन’ ऑक्सफर्डच्या शब्दकोशात भारतीय इंग्रजी म्हणून नोंदलेला आहे आणि तो किती सोयीचा आहे! ‘पोस्टपोन’च्या उलट एका शब्दात काय म्हणणार? ‘आउट ऑफ स्टेशन’ हा कंपनी सरकारच्या काळचा. साहेबाची नेमणूक जिथे, ते त्याचं ‘स्टेशन’, रेल्वेशी त्याचा संबंध नाही. गाडीची ‘डिकी’ आणि ‘स्टेपनी’ हेही तिकडचेच जुने शब्द. स्टेपनी हे तर वेल्समधल्या लानेली गावात निघालेल्या जादा चाकाच्या कंपनीचं नाव. तिकडे ते विसरले, आपण जपले. मग चुकलं कोण?

पाटीपेन्सिल

चुकलं कुणीच नाही, दादा. मी वर्गात लाल खूण करत नाही, ‘ऐकणारा कोण?’ एवढंच विचारते. पुण्याच्या गॅरेजात ‘डिकी उघडा’च म्हणायचं. लंडनच्या टॅक्सीत ‘बूट’, न्यूयॉर्कच्या टॅक्सीत ‘ट्रंक’. ज्या बाईला दोन्ही येतात ती दोन्हीकडे अडत नाही. माझ्या वर्गातल्या बायकांना मला एवढंच द्यायचं आहे.

रात्रपाळी

मी इंग्लंडमध्ये नर्स आहे, सोलापूरकडची. या धाग्यावर मला मनापासून लिहावंसं वाटतं, कारण मुलांकडे आलेले आपले आईवडील दवाखान्यात किती अडतात ते मी रोज बघते. ते शिकलेले असतात, इंग्रजी पेपर वाचतात, पण दुखणं सांगायची वेळ आली की शब्द सापडत नाही, कारण दुखणं माणूस आईच्या भाषेतच भोगतो. आणि मराठीत दुखण्याचे शब्द फार बारीक आहेत.

थंडीपासून सुरू करते. ‘मला थंडी वाजतेय’ हे ‘आय ॲम कोल्ड’. ‘मला सर्दी झालीय’ हे ‘आय हॅव अ कोल्ड’. मधला तो एक छोटा ‘अ’ थंडीची सर्दी करतो. आणि ‘शी इज कोल्ड’ असं एखाद्या बाईच्या स्वभावाबद्दल म्हटलं तर ती कोरडी, माया नसलेली आहे असा अर्थ होतो.

ताप आला तर इथे लोक ‘टेंपरेचर’ आहे असं म्हणतात. ‘फीवर’ही चालतो.

‘कळ येते’ म्हणजे दुखणं येतं आणि जातं. नुसतं ‘पेन’ सांगू नका, ‘इट कम्स अँड गोज’ हे जरूर जोडा, डॉक्टरांना त्यावरून पुष्कळ कळतं. ‘ठणकतंय’ला ‘थ्रॉबिंग’. ‘मुंग्या आल्या’ला ‘पिन्स अँड नीडल्स’, म्हणजे टाचण्या आणि सुया. आपल्याकडे मुंग्या, त्यांच्याकडे सुया. पाय बधिर झाला असेल तर ‘नम’. हे दोन वेगळे सांगा, मधुमेह असलेल्यांनी तर नक्कीच.

‘तोंड आलंय’ याचं भाषांतर करू नका, ‘माउथ अल्सर्स’ म्हणा. ‘डोळे आलेत’ म्हणजे ‘कंजंक्टिव्हायटिस’, तो शब्द अवघड वाटला तर ‘पिंक आय’ किंवा सरळ ‘माय आइज आर रेड अँड स्टिकी’. ‘घसा बसलाय’ म्हणजे ‘आय हॅव लॉस्ट माय व्हॉइस’. त्यांचा आवाज हरवतो, आपला घसा बसतो.

‘पित्त झालंय’ हे सगळ्यात अवघड. शब्दकोशात ‘बाइल’ सापडेल, तो इथे लागत नाही. छातीत जळजळत असेल तर ‘हार्टबर्न’. नावात हृदय असलं तरी हा हृदयाचा आजार नव्हे. आंबट पाणी वर येत असेल तर ‘ॲसिड रिफ्लक्स’. पित्ताने डोकं दुखत असेल तर सरळ ‘हेडेक’ सांगा आणि सोबत मळमळ आहे का ते सांगा. लघवीला जळजळ होत असेल तर ‘इट बर्न्स व्हेन आय पास युरिन’. हे सांगायला बायका लाजतात आणि आजार वाढतो. लाजू नका. ‘लूज मोशन’ आपल्याकडे सगळ्यांना कळतं, इथे ‘डायरिया’ म्हणा.

‘सिक’ या शब्दाने घोळ होतो. अमेरिकेत ‘सिक’ म्हणजे आजारी. इंग्लंडमध्ये ‘आय वॉज सिक’ म्हटलं की बहुतेक वेळा उलटी झाली असं समजतात. ‘आय फील सिक’ म्हणजे मळमळतंय. नुसतं बरं वाटत नसेल तर ‘अनवेल’. इथल्या आज्या ‘पूअरली’ म्हणतात.

राहिलं ‘कसंतरी होतंय’. आपण त्याला ‘अनइझी’ म्हणतो. इथे ‘अनइझी’ म्हणजे मनाला कसली तरी काळजी लागणं, शरीराचं नव्हे. ‘आय डोंट फील राइट’ म्हणा. आणि छातीत दाब किंवा दम लागणं असेल तर ‘कसंतरी’वर थांबू नका. ‘चेस्ट पेन’, ‘कांट ब्रीद’, हे शब्द आजच पाठ करून ठेवा आणि आईवडिलांकडूनही करून घ्या.

चिंचेचं झाड

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद छापून घेतला. आई पुढच्या महिन्यात बहिणीकडे जातेय, तिच्या पर्समध्ये घडी करून ठेवणार आहे.

पाटीपेन्सिल

मीही वहीत उतरवला. आमच्या काकूंना उद्या वाचून दाखवते.

एसटीचा पास

माझी चूक इथे कामी येईल. ‘चक्कर येऊन पडले’ म्हणजे ‘शी पास्ड आउट’, बरोबर?

रात्रपाळी

अगदी बरोबर. ‘फेंटेड’ही चालेल. आणि नुसतं गरगरत असेल तर ‘डिझी’.

निळा डबा

न्यू जर्सीहून. मी स्वयंपाकघरातलं सांगते, कारण इथे आल्यावर पहिले सहा महिने मी दुकानात मुकी होते.

वांग्याला आपण ‘ब्रिंजल’ म्हणतो. तो शब्द पोर्तुगीजांकडून आला, जसा आपला बटाटा आणि पाव आला. इथे कुणाला तो कळला नाही. अमेरिकेत ‘एगप्लांट’, इंग्लंडमध्ये ‘ऑबर्जिन’. भेंडीला ‘लेडीज फिंगर’ म्हटलं तर अमेरिकेत विचारात पडतात, ‘ओक्रा’ म्हणा. ढोबळी मिरची ‘बेल पेपर’. मैदा इथे ‘ऑल पर्पज फ्लार’, इंग्लंडात ‘प्लेन फ्लार’. पिठीसाखर इथे ‘पावडर्ड शुगर’, तिकडे ‘आयसिंग शुगर’.

कोथिंबिरीची गंमत बघा. आपण पानांना कोथिंबीर म्हणतो, बियांना धणे. अमेरिकन लोकही दोन शब्द वापरतात : पानांना ‘सिलँट्रो’, बियांना ‘कोरिअँडर’. इंग्रजाला मात्र दोन्हीला एकच शब्द. तांदूळ आणि भात यांत तर सगळेच इंग्रजी बोलणारे कमी पडतात, दोन्ही ‘राइस’. माझी शेजारीण म्हणाली ‘आय ब्रॉट सम राइस’, आणि मी शिजवलेला भात येईल म्हणून फक्त वरण करून बसले. पिशवी आली!

दह्याला ‘योगर्ट’ म्हणा. ‘कर्ड’ म्हटलं तर इथे फाटलेल्या दुधातला चोथा डोळ्यांपुढे येतो.

आणखी एक, ‘हॉटेल’. आपल्याकडे मिसळ हॉटेलात मिळते. इथे ‘हॉटेल’ म्हणजे मुक्कामाची खोली. जेवायला ‘रेस्टॉरंट’.

गारठा

स्कॉटलंडमधून. आम्हाला कॉलेजात बजावलं होतं की ‘व्हेअर डू यू स्टे?’ ही भारतीय चूक आहे, कायमच्या घरासाठी ‘लिव्ह’ म्हणा, ‘स्टे’ म्हणजे मुक्काम. ग्लासगोला आलो आणि पहिल्याच आठवड्यात बसमधल्या आजोबांनी विचारलं, ‘व्हेअर डू यू स्टे, सन?’ इथे राहण्याला ‘स्टे’च म्हणतात. तेव्हा फार बरं वाटलं. अर्थात लंडन, अमेरिका, परीक्षा यांसाठी ‘लिव्ह’च धरा.

रविवारची सुट्टी

नेहमी अडतं ते विचारतो. ‘मी पाच वर्षांपासून इथे काम करतो’ याला मी ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ म्हणतो आणि साहेब दर वेळी ‘फॉर’ करून देतात. ‘सिन्स’ म्हणजे ‘पासून’च ना?

पाटीपेन्सिल

दादा, ‘पासून’ दोन्हीकडे लागतो म्हणून फसायला होतं. मी वर्गात एक ताळा देते. त्या काळाच्या आधी ‘गेली’ लावून बघा. ‘गेली पाच वर्षं’ म्हणता येतं, म्हणून ‘फॉर’. ‘गेले तीन दिवस’ म्हणता येतं, ‘फॉर’. ‘सोमवारपासून’ला तसं करता येत नाही, ‘गेले सोमवार’ काम करतोय असं कुणी म्हणत नाही, म्हणून ‘सिन्स’. ‘लग्नापासून’, ‘सकाळपासून’, ‘२०१९ पासून’, सगळे ‘सिन्स’. आणि मराठीत ‘करतो’ असलं तरी इंग्रजीत ‘हॅव बीन वर्किंग’.

असाच ताळा ‘हॅव’ आणि ‘हॅविंग’साठी आहे. मराठीत नुसतं ‘आहे’ असेल तर ‘हॅव’. मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे शिवणयंत्र आहे, अंगात ताप आहे, घराला दोन दारं आहेत. आपल्याला ‘मला’, ‘माझ्याकडे’, ‘अंगात’, ‘घराला’ असे किती दरवाजे, इंग्रजीत सगळ्यांना एकच. पण ‘घेतेय’, ‘करतेय’ असं काही चाललेलं असेल तर ‘हॅविंग’. चहा घेतेय, आंघोळ करतेय. म्हणून ‘आय ॲम हॅविंग टी’ बरोबर आणि ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ चूक. चहा चालू असतो, भाऊ चालू नसतात.

रविवारची सुट्टी

‘गेली’चा ताळा कायम लक्षात राहील. खरंच आभार.

चिंचेचं झाड

आपला ‘च’ इंग्रजीत कसा आणायचा? आमच्या ऑफिसात सगळे ‘ओन्ली’ लावतात. ‘आय ओन्ली डिड इट’, ‘टुडे ओन्ली’.

सीमोल्लंघन

हा सुंदर प्रश्न आहे. ‘ओन्ली’ म्हणजे ‘फक्त’. ‘च’ म्हणजे ‘फक्त’ नव्हे. ‘मीच केलं’ यात जोर आहे, आणि इंग्रजी माणूस तो जोर बहुतेक वेळा आवाजाने देतो. ‘आय डिड इट’ म्हणताना ‘आय’वर दाब. लिहायचं असेल तर ‘इट वॉज मी हू डिड इट’. ‘आय ओन्ली डिड इट’ ऐकून पुढचा माणूस वाक्य संपायची वाट बघतो, कारण त्याला ‘मी ते केलं ते फक्त अमुक कारणाने’ अशी सुरुवात वाटते. ‘तिथेच’ला ‘राइट देअर’. ‘आत्ताच’चे तर दोन होतात. ‘आत्ताच आले’ म्हणजे ‘आय हॅव जस्ट कम’, ‘आत्ताच ये’ म्हणजे ‘कम राइट नाऊ’. आपण क्रियापदावरून ओळखतो, त्यांना शब्दच वेगळा लागतो.

गारठा

‘परवा’ही तसाच. परवा आलो आणि परवा येईन, क्रियापदच सांगतं. इंग्रजीत ‘द डे बिफोर यस्टरडे’ आणि ‘द डे आफ्टर टुमॉरो’ असं पूर्ण म्हणावं लागतं. वेळेचंही एक सांगतो. ब्रिटनमध्ये ‘हाफ फाइव्ह’ म्हणजे साडेपाच. साडेचार समजून मी एकदा तासभर आधी जाऊन थंडीत उभा राहिलो होतो.

निळा डबा

‘आपण’ आणि ‘आम्ही’ राहिलं! दोन्हीला ‘वी’. ‘वी आर गोइंग टू द बीच’ म्हटल्यावर समोरचीला कळत नाही की तिला बोलावणं आहे की नाही. बोलवायचं असेल तर ‘डू यू वाँट टू कम विथ अस?’ असं स्पष्ट विचारा. मी एका मैत्रिणीला असं नकळत दुखावलं होतं, म्हणून सांगते.

पाटीपेन्सिल

आज वर्गात रात्रपाळींचा प्रतिसाद वाचला. काकूंनी सगळं लिहून घेतलं, ‘आय डोंट फील राइट’ दहादा म्हणून बघितलं. मग त्यांनी विचारलं, ‘व्याह्यांच्या घरून निघताना काय म्हणायचं? आपण जातो म्हणत नाही, येते म्हणतो. तिकडे आय कम म्हटलं तर?’

मी म्हटलं, ते म्हणू नका, त्यांना तुम्ही लगेच परत येताय असं वाटेल. काकूंना ‘बाय’ नको होतं, त्यात परत येणं नाही म्हणाल्या. शेवटी ‘सी यू सून’ दिलं. म्हणजे लवकर भेटू. ते त्यांना पटलं.

मंगळवारी पहाटे त्यांचं विमान आहे. आज निघताना चपला घालता घालता दारातून सगळ्यांना म्हणाल्या, ‘सी यू सून हं.’

रात्रपाळी

काकू कोणत्या गावी येतायत ते मला निरोपात कळवा ना, ताई. जवळपास असतील तर मी जाऊन भेटेन.